तो माणूस कोण?



ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. 2024 सालच्या ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी, म्हणजे 6 तारखेला, मी एका वस्तीवर संध्याकाळच्या जपमाळेला गेलो होतो. घरच्या सूनबाईंनी दारातच हळूच विचारले, "फादर, आज जरा लवकर सुरुवात करू या का? आज 'बिग बॉस'ची फायनल आहे." मी हसलो आणि लवकर सुरुवात केली. त्या संध्याकाळी आमची रहस्ये नेहमीपेक्षा जरा वेगाने पुढे सरकली, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जपमाळेच्या राणीचा सण होता. सकाळच्या मिस्सानंतर त्याच घरातल्या आजी भेटल्या. चेहरा आनंदाने फुललेला. म्हणाल्या, "फादर, आपला सूरज जिंकला!"

सूरज चव्हाण हा आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातला, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा मुलगा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र गेले, शाळा अर्ध्यावर सुटली, घरची गरिबी. टिकटॉकवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे त्याचे नाव झाले, आणि त्याच व्हिडिओंवरून त्याच्या बोलण्याची, त्याच्या रूपाची चेष्टाही भरपूर झाली. असा मुलगा शहरी, नटूनथटून आलेल्या कलाकारांमध्ये जाऊन राहतो काय आणि शेवटी ट्रॉफी आणि 14 लाख 60 हजार रुपये घेऊन बाहेर पडतो काय! आजींचे डोळे पाणावले असतील तर त्यात नवल नाही. मलाही बरे वाटले.

पण आजींचा 'आपला' हा शब्द दिवसभर माझ्या डोक्यात घोळत राहिला. टीव्हीतला सूरज एका रात्रीत 'आपला' झाला. आपल्याच शिवारात तसाच अडखळत बोलणारा, आईबाप नसलेला, शाळा सुटलेला एखादा मुलगा असेल, तर तो आपला आहे का? तो दारात आला तर आपण त्याला आत बोलावतो, की ओट्यावरच बसवतो? पडद्यावर पाहिलेला भेदभाव आणि आपल्या घरात असलेला भेदभाव यांचे एकमेकांशी नाते काय, या प्रश्नावर आज तुमच्याशी थोडे बोलावे असे वाटते.

या प्रश्नाशी माझी पहिली गाठ 2007 साली पडली. तेव्हा मी सेमिनरीत होतो. त्या जानेवारीत इंग्लंडमधल्या चॅनल फोर या वाहिनीवर 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' नावाचा कार्यक्रम चालू होता. आपला 'बिग बॉस' त्याच जातकुळीतला. त्या घरात आपल्या मुंबईची शिल्पा शेट्टी गेली होती. घरातल्या काही स्त्रियांनी तिला छळायला सुरुवात केली. तिच्या उच्चारांची नक्कल झाली. ती हाताने जेवणाला स्पर्श करते म्हणून नाके मुरडली गेली. जेड गुडी नावाच्या तरुणीने तिच्या आडनावाच्या जागी 'पापडम' म्हणजे पापड हा शब्द लावून तिची चेष्टा केली.

मग मोठा गदारोळ उठला. तिकडच्या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. इकडे पाटण्यात पुतळे जाळले गेले. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन नेमके भारतभेटीवर होते. त्यांना व्यापाराऐवजी या कार्यक्रमावर उत्तरे द्यावी लागली. 19 जानेवारीला प्रेक्षकांनी 82 टक्के मतांनी जेडला घराबाहेर काढले आणि 28 जानेवारीला शिल्पा 63 टक्के मते मिळवून जिंकली. मे महिन्यात ऑफकॉमने निर्णय दिला की वाहिनीने नियमांचा भंग केला आहे, आणि तो निर्णय वाहिनीला आपल्याच पडद्यावरून लोकांना ऐकवायला लावला.

सेमिनरीच्या टीव्हीच्या खोलीत आम्ही ब्रदर मंडळी खूप संतापलो होतो. गोऱ्यांचा अहंकार कसा उतरवला, म्हणून शिल्पा जिंकली तेव्हा टाळ्याही वाजवल्या. वंशभेदाची शिकार झालेल्या आपल्या एका बहिणीला न्याय मिळाला, असे वाटले. ते खोटेही नव्हते. अपमान खरा होता आणि त्याचा निषेध झाला हेही योग्यच होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. ही जेड गुडी कोण होती? लंडनच्या बरमॉन्ड्सी या गरीब भागात वाढलेली मुलगी. वडील अमली पदार्थांच्या आहारी गेलेले, आई अपघाताने अधू झालेली. 2002 साली ती पहिल्यांदा अशाच एका कार्यक्रमात आली. तिला साधा भूगोल येत नव्हता, बोलणे गावंढळ होते. तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी तिच्या अज्ञानाची आणि तिच्या शरीराची यथेच्छ टिंगल केली. म्हणजे आधी एका अडाणी, गरीब मुलीला हसून देशाने करमणूक करून घेतली, आणि पाच वर्षांनी त्याच मुलीच्या अडाणीपणातून विखारी शब्द बाहेर पडले तेव्हा तिला घराबाहेर काढून देशाने आपले हात धुतले. जणू सगळ्या इंग्लंडातला वंशद्वेष त्या एका बाईच्या पोटात साठला होता, आणि ती दाराबाहेर गेली की घर शुद्ध झाले!

जुन्या करारात लेवीय पुस्तकात एक विधी सांगितला आहे. सगळ्या लोकांची पापे एका बकऱ्याच्या माथ्यावर ठेवायची आणि त्याला रानात सोडून द्यायचे. इस्राएल लोक निदान त्या दिवशी उपवास करत आणि ती पापे आपलीच आहेत हे मान्य करत. आपण मात्र बकरा रानात सोडतो आणि पापे त्याचीच होती असे म्हणतो.

पुढे 2008 च्या ऑगस्टमध्ये जेड इकडे महाराष्ट्रात आली, 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वात. त्या पर्वाची सूत्रे शिल्पा शेट्टीच सांभाळत होती. दोनच दिवस झाले होते, तेवढ्यात जेडला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे कळवण्यात आले. ती परत गेली. 2009 च्या मार्चमध्ये रुग्णालयातच तिने आपल्या दोन लहान मुलांसह बाप्तिस्मा घेतला आणि 22 मार्चला, उपवासकाळातल्या एका रविवारी, वयाच्या 27 व्या वर्षी ती देवाघरी गेली. तिच्या आजाराची बातमी ऐकून ब्रिटनमध्ये त्या कर्करोगाची तपासणी करून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या एकदम वाढली. ज्या बाईला आम्ही टीव्हीपुढे बसून शिव्या दिल्या होत्या, तिच्यासाठी त्या रविवारनंतर मी मिस्सात प्रार्थना केली. मतदान करून बाहेर काढलेला माणूससुद्धा ख्रिस्ताने ज्याच्यासाठी प्राण दिला असा माणूस असतो, हे मला तेव्हा कळले.

आपल्या मराठी माणसांवरही अशी वेळ आली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हिंदी 'बिग बॉस'च्या चौदाव्या पर्वात गायक कुमार सानू यांचा मुलगा जान याने सोबतच्या स्पर्धकांना, माझ्यासमोर मराठीत बोलू नका, त्याची मला चीड येते, अशा अर्थाचे सुनावले. मोठा संताप झाला. राजकीय पक्षांनी इशारे दिले, वाहिनीने माफी मागितली, त्यानेही कार्यक्रमातच माफी मागितली. आपल्या मायबोलीचा अवमान झाला याचे दुःख मलाही झाले. पण त्याच आठवड्यात उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या रंगाऱ्याला आणि पाणीपुरीवाल्याला आपल्यातले काही लोक कोणत्या शब्दांनी हाक मारत होते? आणि आपलीच नगरी बोली, ती पुण्यामुंबईला गेलेली आपली मुले पाहुण्यांसमोर का लपवतात? ज्या जखमेने आपण विव्हळतो, तीच जखम दुसऱ्याला करताना आपला हात थरथरत नाही.

असे का होते? टीव्ही यात नेमके काय करतो ते नीट पाहिले पाहिजे. त्या घरात जागोजागी कॅमेरे असतात. दिवसाचे चोवीस तास चित्रण होते आणि आपल्याला दाखवला जातो साधारण एक तास. कोणता तास दाखवायचा, हे ठरवणारा माणूस आपल्याला दिसत नाही. भांडण व्हावे म्हणूनच एकमेकांशी न जुळणारी माणसे निवडून आणलेली असतात. मग कोणी अपमानकारक बोलला की तो तुकडा पुन्हा पुन्हा दाखवायचा. आठवड्याच्या शेवटी सूत्रधार येऊन कानउघाडणी करणार. मराठीत त्याला कधी 'चावडी' म्हटले गेले, कधी 'भाऊचा धक्का'. गुन्हेगाराने मान खाली घालायची, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या. भेदभावाचा निषेधही झाला आणि भेदभावाची विक्रीही झाली.

मी टीव्हीला निव्वळ दोष देत नाही. शिल्पा शेट्टीचा अपमान पडद्यावर दिसला म्हणून तरी ब्रिटनमधल्या घराघरांत त्या विषयावर बोलणे झाले. सूरजसारखा मुलगा पडद्यावर आला म्हणून खेड्यातल्या कितीतरी मुलांची मान ताठ झाली. पण दोन गोष्टी टीव्हीला जमत नाहीत. एक म्हणजे, त्याला फक्त तोंडातून निघालेला शब्द पकडता येतो; मनातला भेदभाव पकडता येत नाही. आणि दुसरी, तो नेहमी दुसऱ्याचे पाप दाखवतो.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात अलिपियस या मित्राची हकिगत सांगितली आहे. रोममध्ये मल्लांच्या प्राणघातक झुंजी चालत. अलिपियसला त्यांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढतच तिथे नेले, तेव्हा तो म्हणाला, माझे शरीर न्याल, पण मी डोळे मिटून बसेन. आणि खरेच तो डोळे मिटून बसला. पण अचानक गर्दीची आरोळी उठली. कुतूहल आवरले नाही, डोळे उघडले, आणि पाहता पाहता तोही त्या रक्ताच्या नशेत ओरडू लागला. आपणही टीव्हीपुढे बसतो तेव्हा आपल्याला वाटते, आपण वाईटाचा धिक्कार करायला बसलो आहोत. थोड्या वेळाने कळते, आपल्याला ते भांडण हवेहवेसे वाटते आहे. पुढे हाच अलिपियस पश्चात्ताप करून बिशप झाला, हे सांगितले पाहिजे, म्हणजे कोणी निराश होणार नाही.

बायबलमध्ये या विषयावरची सगळ्यात धारदार गोष्ट नाथान संदेष्ट्याची आहे. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला युद्धात मरण्यासाठी पुढे पाठवले. नाथान राजाकडे आला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे होती, तरी पाहुणा आल्यावर त्याने शेजारच्या गरिबाची एकुलती एक, मुलीसारखी वाढवलेली कोकरी हिसकावून कापली. ऐकता ऐकता दावीद खवळला. असा माणूस मेला पाहिजे, म्हणाला. तेव्हा नाथानाने त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले की, तो माणूस तूच आहेस.

विचार करा, नाथान गोष्ट सांगून तसाच निघून गेला असता तर काय झाले असते? दावीदाला फार छान झोप लागली असती. आपण अन्यायाची चीड असलेले न्यायी राजे आहोत, असे त्याला वाटले असते. बंधुभगिनींनो, टीव्ही आपल्याला नेमके हेच देतो. कोकरीची गोष्ट देतो, श्रीमंताचा राग देतो, पण नाथान देत नाही. शेवटचे ते एक वाक्य कापलेले असते, कारण ते दाखवले तर प्रेक्षक दुसऱ्या दिवशी येणार नाही.

तो नाथान आपल्या जिल्ह्यात आल्यावर काय बोलेल? हा जिल्हा संतांचा आहे. नेवाशाचा खांब इथेच आहे. पण 2013 च्या पहिल्याच दिवशी सोनईत आणि 2014 च्या एप्रिलमध्ये खर्ड्यात जातीच्या नावाखाली तरुण मुलांचे प्राण घेतले गेले, तेही याच जिल्ह्यात. तिथे कॅमेरे नव्हते. त्याआधी कित्येक वर्षे ओट्यांवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत जे हलक्या आवाजात बोलले जात होते, तेही कोणी टिपले नव्हते.

आणि आपण? आपले आजे-पणजे बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर घेताना माणूस म्हणून उभे राहिले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले, त्याविरुद्ध आपण दर 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतो. ती मागणी न्यायाची आहे आणि मी तुमच्याबरोबर आहे. पण लग्नाची बोलणी करायला बसलो की, "ते ख्रिस्ती आहेत हो, पण मूळचे कोणते?" हा प्रश्न आपल्याच घरांत ऐकू येतो. भारताच्या बिशप मंडळाने 2016 साली दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चच्या आतही हा भेद आहे आणि तो पाप आहे, हे मान्य केले. बिशपांनी मान्य केले. आपल्या सोयरिकीच्या बैठकीने अजून केलेले नाही.

तुम्हाला एवढे सुनावल्यावर माझेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, उपवासकाळातल्या मदतनिधीचे पाकीट माझ्या ऑफिसातून दिसेनासे झाले. तेव्हा जवळच्या पालावरचा एक पारधी मुलगा रोज संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात दिव्याखाली अभ्यासाला यायचा. मी त्याच्यावर आरोप केला नाही. एक वाईट शब्दही काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला आणि व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लावले. चौथ्या दिवशी पाकीट सापडले, माझ्याच वाचनग्रंथात, मीच खूण म्हणून ठेवलेले. मी पालावर गेलो. त्याच्या आईने चहा केला. मुलगा आतून बाहेर आला नाही. नंतर व्हरांड्यात दिवा बरेच महिने लावून ठेवला, पण तो अभ्यासाला पुन्हा आला नाही.

त्या कुलपाचे चित्रण कोणी केले असते तर त्यात काय दिसले असते? एक धर्मगुरू दार लावतो आहे, एवढेच. ऑफकॉमकडे त्याची एकही तक्रार गेली नसती. आपल्यातला बहुतेक भेदभाव असा असतो, शब्दाचा नव्हे, कुलपाचा. वेगळा ठेवलेला कप, न दिलेले आमंत्रण, आडनाव ऐकल्यावर बदललेला आवाज. सेमिनरीत मी संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन वाचले होते की, दुसऱ्याविषयी शंका असेल तेव्हा तिचा अर्थ त्याच्या बाजूने चांगलाच लावावा. असे करताना आपण वारंवार फसू, पण निरपराध माणसाचा अपमान करण्यापेक्षा फसलेले बरे. परीक्षेत मी त्याचे उत्तर बरोबर लिहिले होते. व्हरांड्यात चुकलो.

आपल्या मातीत एका बाईने हे धैर्य दाखवले होते. आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि पुढे नगर आणि राहुरी इथेच त्यांचा संसार झाला. लक्ष्मीबाई जन्माने ब्राह्मण, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पतीजवळ येऊन राहिल्यावरही त्या कितीतरी दिवस स्वतःची चूल आणि पाणी वेगळे ठेवत. मग आतल्या आत विचार करत करत ती भिंत त्यांनी स्वतःच पाडली, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिले आहे, स्वतःची बाजू न सावरता, उलट स्वतःवरच हसत. भेदभाव कोणाचा, तर माझा. चूक कोणाची, तर माझी. वास्तव दाखवणारे असे कथन माझ्या माहितीत दुसरे नाही, आणि ते करायला एकही कॅमेरा लागला नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, टीव्ही फोडून टाका असे मी म्हणणार नाही. आजींना सूरज आवडला, त्यात वाईट काही नाही. मी एवढेच मागतो. कार्यक्रम संपल्यावर टीव्ही बंद करा आणि घरातल्या मुलांसमोर एकमेकांना विचारा की, आज त्या घरात जे चुकले ते आपल्या घरात कुठे घडते? दुसरे, "ती लोकं तसलीच" हे वाक्य तोंडात आले की ते गिळून टाका आणि त्या जागी एका माणसाचे नाव घ्या. नाव माहीत नसेल तर विचारून घ्या. आणि तिसरे, प्रायश्चित्त संस्काराला याल तेव्हा रागावलो, खोटे बोललो एवढ्यावर थांबू नका. मी कोणाला दाराबाहेर ठेवले, तेही सांगा. शनिवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये असतो. मलाही माझ्या धर्मगुरूंकडे जाऊन तेच सांगावे लागते.

दावीदाची थोरवी पाप न करण्यात नव्हती. नाथानाने बोट दाखवल्यावर त्याने ते बोट झटकून टाकले नाही, यात होती. त्याने मान खाली घातली आणि म्हटले की, होय, मी पाप केले आहे. परमेश्वराने त्याला टाकले नाही. त्याच्याच वंशात पुढे आपला तारणारा जन्मला.

हे प्रभू येशू, तू जकातदारांच्या पंगतीला बसलास आणि शमरोनी बाईच्या हातचे पाणी मागितलेस. आमच्या दारांची कुलपे आम्हाला दिसू दे. ज्याला आम्ही बाहेर ठेवले त्याच्या रूपाने तूच बाहेर उभा आहेस, हे आम्हाला उमजू दे. आमेन.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू